शेवट ठाऊक असलेली मारामारी

मारधाडपटाचा शेवट प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक असतो. नायक जिंकणार, खलनायक हरणार, मध्यंतराच्या आसपास नायकाला एक जबर तडाखा बसणार आणि अखेरच्या वीस मिनिटांत सगळा हिशेब चुकता होणार. तरीही हा चित्रपट पाहिला जातो, पुन्हा पाहिला जातो आणि घरच्या टीव्हीवर अर्ध्यातून लागला तरी हातातला रिमोट तिथेच थबकतो. गुन्हेगार कोण हे एकदा कळले की रहस्यकथेची गोडी उतरते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मारधाडपटाची गोडी मात्र सगळे कळल्यावरही उतरत नाही. या चित्रपटांचे टिकाऊपण समजून घ्यायचे तर सुरुवात याच कोड्यापासून करावी लागते.

‘ओळखीचा’ हा शब्द येथे तीन अर्थांनी येतो. एक, तोच चित्रपट पुन्हा पाहणे. दोन, एका भाषेत गाजलेली कथा दुसऱ्या भाषेत किंवा नव्या पिढीसाठी पुन्हा रचणे. तीन, कथा नवी असली तरी साचा जुनाच असणे: अन्याय, अपमान, तयारी, झुंज, न्याय. व्यवहारात हे तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. पोलीस अधिकाऱ्याचा नवा चित्रपट पाहणारा प्रेक्षक त्याच वेळी मनातल्या मनात आधीचे चार पोलीसपट पाहत असतो आणि नव्याची तुलना त्यांच्याशी करत असतो.

ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा पाहण्याची सवय सिनेमाने लावलेली नाही. सिंधुदुर्गात आणि उत्तर गोव्यात जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार उभा राहतो. सुरुवातीच्या आडदशावतारात गणपती येतो, रिद्धीसिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, आणि मग वेद पळवणारा काळा संकासुर. विष्णू त्याला मारणार हे मांडीवर पेंगणाऱ्या पोरालाही माहीत असते. पण संकासुर आज काय बोलेल हे कोणालाच माहीत नसते, कारण संवाद लिहिलेले नसतात. नट ते जागीच रचतो आणि गावातल्या चालू घडामोडींवरही टोला हाणतो. पुढे आख्यान लागते, मृदंगाचा ताल चढतो आणि राजे तलवारी घेऊन एकमेकांभोवती फिरू लागतात. ही लढाई म्हणजे नाच असतो. कोण पडणार ते ठरलेले असते; पडणारा किती डौलात पडतो हे पाहायला गाव पहाटेपर्यंत बसून राहते. मारधाडपटाचा प्रेक्षक याच बैठकीत तयार झालेला आहे.

मराठी माणसांनी घडवलेल्या सिनेमाची सुरुवातही ठाऊक असलेल्या गोष्टींनीच झाली. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३), ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) यांतली एकही कथा प्रेक्षकाला नवी नव्हती. नवे होते ते पाहण्याचे साधन. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात १९२३ साली ‘सिंहगड’ काढला तेव्हा तानाजी पडणार आणि गड येणार हे मराठी मुलुखात वेगळे सांगावे लागत नव्हते. हरि नारायण आपटे यांची याच विषयावरची कादंबरी घरोघरी पोचलेली होती. त्याच लढाईवर २०२० साली ओम राऊत यांनी ‘तान्हाजी’ केला आणि तोही तुफान चालला. दोन चित्रपटांमध्ये ९७ वर्षे गेली, तंत्र पार बदलले, ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीचा निकाल तोच राहिला. ‘पावनखिंड’ (२०२२) पाहणाऱ्यालाही बाजीप्रभू वाचणार नाहीत हे पक्के माहीत होते. तोफांचे आवाज कानावर येईपर्यंत खिंड कशी लढवली गेली, हेच त्याला पाहायचे होते.

इतिहासपटाच्या शेजारीच स्टंटपट वाढला. डग्लस फेअरबँक्सचे ‘द मार्क ऑफ झोरो’ (१९२०) आणि ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९२४) यांनी मुखवटा, तलवार आणि उड्या यांची भाषा जगभर नेली. मुंबईत ती भाषा बोलणारा पहिला मोठा तारा म्हणजे कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून आलेले मास्टर विठ्ठल. शारदा फिल्म कंपनीच्या मूकपटांनी त्यांना ‘भारताचा डग्लस फेअरबँक्स’ केले. ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायक तेच. त्यासाठी त्यांनी शारदाचा करार मोडला तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि विठ्ठल यांची बाजू बॅरिस्टर जिना यांनी मांडली. पुढे वाडिया मूव्हिटोनने ‘हंटरवाली’ (१९३५) काढला. चाबूक चालवणारी नायिका नादिया घोड्यावरून, छतांवरून आणि धावत्या आगगाडीच्या टपावरून लढू लागली. तिचे चित्रपट पाहायला जाणारा कोणीही ‘आता काय होणार’ या काळजीत नसे. नादिया आज कशावरून उडी मारणार, एवढीच उत्सुकता असे.

या परंपरेतले खास गिरणगावी नाव म्हणजे भगवान आभाजी पालव, अर्थात मास्टर भगवान. मजुरी करून सिनेमात शिरलेल्या आणि कुस्तीचे वेड असलेल्या या माणसाने १९३८ पासून दहाएक वर्षे कमी खर्चाचे स्टंटपट झपाट्याने काढले. हे चित्रपट कामगार वस्त्यांत चालत. पैसा थोडा, सेट साधे, कथा त्याच. भर सगळा अंगमेहनतीवर. त्याच कमाईवर त्यांनी चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ उभारला. आज ‘अलबेला’ (१९५१) मधल्या नाचासाठी त्यांची आठवण निघते, पण तो नाच करणारे शरीर मारामारीत घडले होते. प्रतिष्ठित समीक्षेने या चित्रपटांना ‘पिटातल्या प्रेक्षकांचे’ म्हणून बाजूला ठेवले. वाचनातही हेच घडले. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड संकटातून सुटणारच हे माहीत असलेल्या वाचकांनी त्या वाचनालयांतून रांगा लावून नेल्या, आणि वाङ्मयाच्या इतिहासाने त्यांना बराच काळ एक ओळही दिली नाही.

१९७० च्या दशकात साच्याला नवे बळ मिळाले. सलीम-जावेद यांनी लिहिलेला ‘जंजीर’ (१९७३) आणि त्यानंतरचा ‘दीवार’ (१९७५) यांनी नायकाच्या रागाला शहराचा पत्ता दिला: गोदी, फूटपाथ, पोलीस ठाणे, अर्धवट बांधलेल्या इमारती. ‘दीवार’मधला गोदामाचा प्रसंग हा या प्रकाराचा नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. गुंड ज्याला शहरभर शोधत असतात तो नायक विजय त्यांच्याच गोदामात पाय पसरून त्यांची वाट पाहत बसलेला असतो. तो उठतो, दाराला आतून कुलूप लावतो आणि किल्ली गुंडांच्या म्होरक्याकडे फेकतो. मारामारी त्यानंतर सुरू होते. नायकाने स्वतःच्याच सुटकेची वाट बंद केली. आता बाहेर पडायचे तर किल्ली परत मिळवूनच. त्या एका कृतीने निकाल जाहीर होतो आणि नेमकी तिथेच चित्रपटगृहात शिट्टी वाजते. पुढचे ठोसे त्या किल्लीचा तपशील भरतात. दहाव्यांदा पाहणारा किल्ली फेकण्याचीच वाट पाहत असतो.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी आलेला ‘शोले’ हे ओळखीच्या जोरावर जगलेल्या चित्रपटाचे सर्वांत मोठे उदाहरण. त्याची स्वतःचीच पाळेमुळे ओळखीची आहेत: कुरोसावा यांचा ‘सेव्हन समुराई’ (१९५४) आणि त्यावरून हॉलिवूडने केलेला ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०). चित्रपटातले रामगढ गाव उभे राहिले ते बंगळूरजवळच्या रामनगरात. आगगाडीवरची प्रसिद्ध झुंज मात्र पनवेलच्या परिसरात चित्रित झाली. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात हा चित्रपट पाच वर्षांहून अधिक काळ चालला. पॉलिडॉर कंपनीने गाण्यांबरोबर त्याच्या संवादांचीही ध्वनिमुद्रिका काढली आणि ती मांडवांत, पानाच्या टपऱ्यांवर, लग्नघरांत वाजू लागली. पडद्यावर काही न दिसता नुसते ऐकायला लोक थांबत, कारण चित्र त्यांच्या डोक्यात आधीपासून चालू होते. इतक्या ओळखीच्या चित्रपटाचा शेवट मात्र मुळातला नव्हता. ठाकूर खिळ्यांच्या जोड्यांनी डाकू गब्बरला ठार मारतो असे चित्रित झाले होते; आणीबाणीतल्या सेन्सॉरने ते बदलायला लावले आणि ऐनवेळी पोलीस आणून गब्बरला त्यांच्या हवाली करावे लागले.

आकर्षणाचा मोठा भाग कारागिरीत आहे आणि ती कारागिरी फाइट मास्टरची. पडद्यावर ठोसा लागतो तेव्हा प्रत्यक्षात तो गालापासून वीतभर अंतरावरून गेलेला असतो. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे किंवा मार खाणाऱ्याच्या मागे ठेवला की मधले अंतर दिसत नाही. सेटवर याला चीट अँगल म्हणतात. मारणाऱ्यापेक्षा मार घेणाऱ्याचे काम अवघड. मान नेमक्या क्षणी झटकली गेली तरच ठोसा खरा वाटतो. क्षणभर आधी झटकली तर हसे होते. ‘ढिशूम’ हा आवाज नंतर ध्वनिमुद्रणात भरला जातो. चित्रपटाची गती सेकंदाला २४ चौकटींची. फिल्मच्या काळात मारामारी २० किंवा २२ चौकटींनी चित्रित करत, म्हणजे पडद्यावर हात अधिक वेगाने चालल्यासारखे दिसत. फुटणारी बाटली खऱ्या काचेची नसते, मोडणारे टेबल आधीच कापून ठेवलेले असते, आणि गच्चीवरून पडणारा माणूस रिकाम्या खोक्यांच्या थरावर ठेवलेल्या गाद्यांवर येतो. तो माणूसही बहुधा नायक नसून त्याचा डुप्लिकेट असतो. एवढे सगळे करून हाडे मोडायची ती मोडतातच.

ही कला घराण्यांत पिढीजात चालत आलेली आहे. एम. बी. शेट्टी आणि वीरू देवगण हे हिंदी सिनेमातले नामांकित फाइट मास्टर. वीरू देवगण यांचा मुलगा अजय ‘फूल और काँटे’ (१९९१) मध्ये दोन धावत्या मोटारसायकलींवर पाय ठेवून पडद्यावर आला. शेट्टी यांचा मुलगा रोहित दिग्दर्शक झाला. २०११ साली या दोघांनी मिळून ‘सिंघम’ केला. तो मूळ तमीळ ‘सिंगम’ (२०१०) चा रीमेक, पण नायक बाजीराव सिंघम झाला, गाव महाराष्ट्र-गोवा सीमेवर आले, संगीत अजय-अतुल यांनी दिले आणि ‘सटकणे’ हे मराठी क्रियापद देशभर पसरले. परकी कथा आपल्या मातीत रुजवायला कथानक फारसे बदलावे लागत नाही. नाव, बोली आणि सण बदलले की पुरते. हीच ये-जा उलट दिशेनेही होते. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) वरून महेश मांजरेकर यांनी हिंदीत ‘अंतिम’ (२०२१) केला. महेश कोठारे यांनी तर मराठीत साच्याला विनोदाची फोडणी दिली. ‘धडाकेबाज’ (१९९०) आणि ‘झपाटलेला’ (१९९३) यांत थरार आणि लक्ष्मीकांत बेर्डे एकाच ताटात आले. तात्या विंचूची कल्पना अमेरिकी चित्रपटातल्या खुनी बाहुल्यावरून सुचलेली, पण रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला अस्सल इथला.

चित्रपट ओळखीचा होतो तो पाहण्याच्या जागांमुळे. पहिली जागा म्हणजे चित्रपटगृह. मुंबईच्या पूर्व उपनगरांत भांडुप आणि मुलुंड यांच्या मध्ये नाहूर आहे. लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या कारखान्यांत पाळ्यांनी राबणारा कोकणातला आणि घाटावरचा कामगार हा या पट्ट्यातला मारधाडपटाचा हक्काचा प्रेक्षक. दुसऱ्या पाळीचा माणूस सकाळी मोकळा असे आणि मॅटिनीला स्वस्तात जुने चित्रपट लागत. ‘पाहिलेलाच आहे’ ही तक्रार नसून तिकीट काढण्याचे कारण होते: दिवसभराच्या मजुरीतले पैसे फुकट जाणार नाहीत याची ती खात्री होती.

दुसरी जागा म्हणजे गल्ली. गणेशोत्सवात चाळींमधल्या रस्त्यावर आडवा पांढरा पडदा बांधला जाई, भाड्याचा १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर येई आणि रात्री उशिरा चित्रपट सुरू होई. पुढे जागा न मिळालेले लोक पडद्याच्या मागे बसत. मागून सगळे उलटे दिसे: पाट्यांवरची अक्षरे उलटी, डावखुरा अमिताभ उजव्या हाताने गोळी झाडणारा. त्याचे कोणाला काही वाटत नसे. रीळ तुटले की पुढे काय होणार ते पोरेच ओरडून सांगत, आणि रीळ जोडून होईपर्यंत दोन मुलांनी तो प्रसंग रस्त्यावर करूनही दाखवलेला असे. पुढे व्हिडिओ आला, केबल आली, दुपारभर दाक्षिणात्य मारधाडपटांची हिंदी रूपे दाखवणाऱ्या वाहिन्या आल्या, २००७ साली मराठी चित्रपटांसाठी झी टॉकीज आली. नाहूर परिसरातल्या अनेक कारखान्यांच्या जागी मॉल आणि निवासी मनोरे उभे राहिले. पडदे लहान झाले, प्रेक्षक एकेकटा झाला. तरी फाइट सुरू झाली की घरातले बोलणे थांबते. नाहूरच्या पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत आणि डोंगरापलीकडे गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी. तिथे मारामाऱ्या चित्रित होतात आणि इकडे त्या पाहिल्या जातात.

कारणांची चर्चा जुन्या आणि नव्या दोन्ही शास्त्रांत सापडते. भरताच्या नाट्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव उत्साह, रौद्राचा क्रोध, भयानकाचा भय आणि अद्भुताचा विस्मय. स्थायीभाव माणसात मुळातच असतो. प्रयोग त्याला जागे करतो. म्हणजे रस हा बातमीसारखा नव्हे की एकदा कळली आणि संपली. आधुनिक मानसशास्त्रात रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवले की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी तिच्याविषयी आवड वाढते. निकोलस क्रिस्टनफेल्ड आणि जोनाथन लेविट यांच्या २०११ च्या प्रयोगात शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना न सांगितलेल्या कथांपेक्षा सरासरीने अधिक आवडल्या. शेवटाची चिंता मिटली की लक्ष वाटेवरच्या कामगिरीकडे जाते, असा याचा एक अर्थ लावता येतो. तिसरे कारण समाजाचे. कज्जे वर्षानुवर्षे तारखांवर चालतात, अर्ज कचेऱ्यांत पडून राहतात. मारधाडपट अडीच तासांत निकाल देतो आणि गुन्हेगाराला निकाल ऐकायलाही हजर ठेवतो.

आक्षेपही इथेच सुरू होतो. पडद्यावर न्याय लवकर मिळतो, कारण चौकशी, पुरावा आणि न्यायालय हे टप्पे नायक ओलांडून जातो. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ साली एका जाहीर भाषणात ‘सिंघम’सारख्या चित्रपटांतून झटपट न्यायाचा घातक संदेश जातो, असे स्पष्ट सांगितले. हा आक्षेप सिनेमाच्या आतूनही घेतला गेलेला आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानी यांनी ‘अर्धसत्य’ (१९८३) केला. त्यातला फौजदार अनंत वेलणकर याच साच्यातून निघतो: अन्याय, अपमान, संताप. पण त्याचा राग कोठडीतल्या एका आरोपीवर निघतो. सदाशिव अमरापूरकरांच्या रामा शेट्टीचा गळा तो शेवटी आवळतो तेव्हा शिट्टी वाजत नाही. साचा प्रेक्षकाला पाठ होता म्हणूनच तो मोडलेला कळला. ओळखीचा मारधाडपट नसता तर ‘अर्धसत्य’चा घाव इतका खोल गेला नसता.

जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या येथील महोत्सवात ‘शोले’ची पुनरुज्जीवित प्रत दाखवली गेली. तिच्यात सेन्सॉरने काढलेला मूळ शेवट परत आला होता. पन्नास वर्षे एक शेवट पाठ असलेल्यांना दुसरा शेवट पाहायला मिळाला, आणि चित्रपट दोन्ही शेवटांनिशी तोच राहिला. त्यावरून एक निष्कर्ष निघतो: या चित्रपटांचे मोल त्यांच्या निकालावर ठरत नाही. म्हणून मारधाडपटाची खरी पारख दुसऱ्या पाहण्यात होते. पहिल्यांदा कथा पाहून होते. दुसऱ्यांदा कॅमेरा कुठे ठेवला आहे, ठोसा घेणाऱ्याने मान कधी झटकली, किल्ली कोणी कोणाकडे फेकली आणि न्यायाच्या नावाखाली कोण भरडला गेला, हे दिसू लागते. ज्या चित्रपटात तेव्हाही पाहण्यासारखे काही उरते तोच टिकतो. बाकीचे पुढच्या शुक्रवारी उतरतात.